घरी ड्राफ्ट बिअर, भिंतीवर टॅप: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीवर टॅप लावायचा म्हटलं की लोक आधी टॅपचाच फोटो दाखवतात. काळा की स्टीलचा, दोन की चार, मूठ लाकडाची की पितळेची. भिंतीच्या पुढे तेवढंच दिसतं, म्हणून तसं होत असावं. पण ग्लासात काय येणार हे ठरतं भिंतीच्या मागे. केगमधली (बिअरच्या स्टीलच्या पिंपातली) थंडी टॅपच्या तोंडापर्यंत न तुटता पोचली, तर बिअर नीट ओतली जाते. मधली वीतभर लाईन, म्हणजे बिअरची नळी, जरी कोमट राहिली, तरी ग्लासात निव्वळ फेस पडतो. गोव्याच्या दमट हवेत ही थंडी राखणं हेच खरं काम आहे आणि खालची बहुतेक उत्तरं फिरून तिथेच येतात.

आधी कायद्याचं सांगा. घरात केग ठेवता येतो का?

गोव्यात दुकानं जागोजागी आहेत, म्हणून नियमच नाहीत असा अनेकांचा समज असतो. नियम आहेत. राज्यातला दारूचा सगळा व्यवहार गोवा, दमण आणि दीव अबकारी शुल्क कायदा, १९६४ आणि त्याखालच्या नियमांनी चालतो. परवान्याशिवाय घरात किती साठा ठेवता येतो याला मर्यादा असते. ३० लिटरचा एक केग म्हणजे ६५० मिलीच्या ४६ बाटल्या आणि ५० लिटरचा म्हणजे जवळजवळ ७७. म्हणून भिंतीला ड्रिल लावण्याआधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जा. कोणत्या मापाचा केग घरी चालेल, तो दुकानातून घरी आणताना कोणता कागद सोबत हवा आणि घरगुती समारंभासाठी वेगळी परवानगी लागते का, हे विचारून घ्या. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

केग परवानाधारक विक्रेत्याकडूनच आणि बिलासकट घ्यावा. बांदा किंवा कारवारच्या बाजूने गाडीत घालून आणण्याचा विचारही करू नका. घरीच बिअर बनवून केगात भरायची असेल तर तो आणखी वेगळा विषय आहे आणि परवान्याशिवाय तो करता येत नाही. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे. घरच्या टॅपलाही ते लागू आहे असं धरून चाला.

नेमकं काय काय लागतं?

थंड पेटी, म्हणजे फ्रीज किंवा डीप फ्रीझर. त्यात केग. केगच्या डोक्यावर बसणारा कपलर. बाहेर सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलिंडर आणि त्यावर दाब ठरवणारा रेग्युलेटर. सिलिंडरपासून केगपर्यंत गॅसची लाईन, केगपासून भिंतीपर्यंत बिअरची लाईन. भिंतीतून आरपार जाणारी पोकळ नळी, तिला शँक म्हणतात. शँकच्या पुढच्या टोकाला टॅप आणि खाली ड्रिप ट्रे. यादी एवढीच. बाकी सगळं हे तुकडे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत यावर अवलंबून असतं.

फ्रीझर कुठे आणि टॅप कुठे ठेवायचा?

सगळ्या आखणीत सर्वांत जास्त विचार या प्रश्नाला द्या. नंतर टॅप बदलता येतो, फ्रीझरही बदलता येतो, भिंतीतलं भोक मात्र हलवता येत नाही.

सर्वांत चांगली रचना म्हणजे टॅपच्या भिंतीच्या बरोब्बर मागे फ्रीझर. बैठकीच्या खोलीत टॅप आणि मागच्या कोठीच्या खोलीत भिंतीला लागून फ्रीझर असेल, तर शँक भिंतीतून थेट थंड हवेत उतरतो. बिअर थंड पेटीच्या बाहेर फक्त भिंतीच्या जाडीएवढी राहते. घरगुती कामात शंभरातल्या नव्वद जणांनी हीच रचना करावी असं माझं ठाम मत आहे, मग त्यासाठी टॅपची जागा मनासारखी मिळाली नाही तरी चालेल.

फ्रीझर दोन-तीन मीटर दूर असेल तर लाईनीला जाड इन्सुलेशन असलेल्या पाइपातून न्यायचं आणि छोट्या पंख्याने फ्रीझरची थंड हवा त्या पाइपातून टॅपपर्यंत ढकलायची. हवा परत येण्यासाठी दुसरा पाइप हवाच, नाहीतर ती पुढे सरकत नाही. हॉटेलांमध्ये ही पद्धत सात-आठ मीटरपर्यंत ताणतात. आपल्याकडच्या उकाड्यात घरी ३ मीटरच्या पुढे जाऊ नये.

त्याहून लांब, म्हणजे तळमजल्यावर केग आणि गच्चीवर टॅप असं हवं असेल, तर ग्लायकॉल लागतं, म्हणजे पाण्यात मिसळलं की ते गोठू न देणारं रसायन. बिअरच्या लाईनीला चिकटून थंड ग्लायकॉल-पाण्याच्या नळ्या जातात आणि एक वेगळं यंत्र ते मिश्रण शून्याच्या आसपास गार ठेवून सतत फिरवत राहतं. उत्तम चालतं, पण खर्च, आवाज, वीजबिल आणि देखभाल चारही वाढतात. यात खाद्यपदार्थांसाठीचं प्रोपिलीन ग्लायकॉलच वापरायचं. गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट विषारी असतं, ते इथे कधीही चालणार नाही.

आमचं जुनं घर आहे, भिंत चिऱ्याची दीड-दोन फूट जाड आहे. भोक पाडता येईल?

येतं, पण हातोडा-छिन्नीने नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि जुन्या घरात चिऱ्यांच्या मधला गिलावा अनेकदा मातीचा असतो. ठोकाठोकीने चिरा सैल होतो. एसीच्या पाइपासाठी भोकं पाडणारे कोअर कटिंगवाले बोलवा. त्यांची मशीन हादरे न देता गोल कापते.

इतक्या जाड भिंतीत प्रत्येक टॅपला वेगळं भोक पाडून लांब शँक घालणं मला पटत नाही. लांब शँकचा पुढचा भाग भिंतीच्या उबेने गरम होतो. त्यापेक्षा १०० मिमीचं एकच भोक घ्या, त्यात पीव्हीसीचा पाइप बसवा आणि त्यातून इन्सुलेशन केलेल्या सगळ्या लाईनी आणि थंड हवेचा छोटा पाइप काढा. पुढच्या बाजूला भिंतीवर स्टीलची उथळ पेटी आणि तिच्यात आखूड शँक. भोकाला फ्रीझरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे आत पाणी सुटलं तरी ते बैठकीच्या भिंतीवर ओघळणार नाही.

पर्वरी किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये गोष्ट वेगळी. तिथे भिंत विटांची आहे की कॉलम-बीमची, हे आधी पाहा. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. सोसायटीला आणि भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी सांगा.

आमच्याकडे मासळीसाठी घेतलेला डीप फ्रीझर आहे. तोच वापरला तर?

मासळी आणि केग एकत्र राहू शकत नाहीत. मासळीला उणे १८ लागतं, बिअरला अधिक ३ ते ४. बिअर उणे दोन-अडीचच्या आसपास गोठायला लागते. फ्रीझर रिकामा करून फक्त बिअरला द्यायचा असेल तर मात्र तो फार चांगला. आडवा, वर झाकण असलेला फ्रीझर थंडी छान धरून ठेवतो. त्याला बाहेरून डिजिटल तापमान नियंत्रक जोडा, त्याचा सेन्सर केगच्या पोटाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा आणि ३ अंशांवर ठेवा. सेन्सर हवेत लटकत ठेवला तर झाकण उघडलं की कॉम्प्रेसर उगाच धावत सुटतो.

आधी तो सोडा घालून धुवा आणि दोन दिवस उघडा वाळवा. बंद केगमधल्या बिअरला वास लागत नाही, पण साध्या व्हिनाइलच्या नळीतून वास हळूहळू आत जातो. फ्रीझरच्या मागे आणि बाजूला वीतभर मोकळी जागा सोडा. कोठीची खोली बंद असेल तर एक्झॉस्ट फॅन हवाच. फ्रीझर जी उष्णता बाहेर टाकतो ती खोलीतच कोंडली तर मे महिन्यात तो थांबायचं नाव घेत नाही.

टॅप किती लावावेत?

दोन. चार टॅपची भिंत दिसायला छान दिसते, पण चार केग महिनाभरात संपवणारं घर माझ्या पाहण्यात नाही. पाश्चरायझेशन न केलेली बिअर थंड ठेवली आणि सीओटूवर चालवली तर साधारण दीड ते दोन महिने चांगली राहते, आणि उघडलेल्या केगची चव त्याच्या आधीच उतरू लागते. तिसऱ्या टॅपसाठी जागा राखून ठेवायची असेल तर दोन टॅपमध्ये १० सेंटिमीटरहून कमी अंतर नको. टॅपचं तोंड ड्रिप ट्रेच्या ३० सेंटिमीटर तरी वर असू द्या, म्हणजे उंच ग्लासही तिरका धरता येतो.

केग कोणत्या मापाचा आणि कोणता कपलर?

स्टीलचे केग २०, ३० आणि ५० लिटरचे असतात. घरासाठी २० किंवा ३०. भरलेला ५० लिटरचा केग ६० किलोच्या वर जातो आणि तो आडव्या फ्रीझरच्या काठावरून आत उतरवताना दोन धडधाकट माणसांचीही कंबर धरते. फ्रीझर घेण्याआधी केगची उंची आणि वर कपलर बसल्यावरची उंची दोन्ही मोजा. झाकण कपलरला अडकतं हे फ्रीझर घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

कपलर केगच्या तोंडाच्या प्रकारावर ठरतो: एस, डी, ए, जी असे प्रकार आहेत आणि ते एकमेकांवर बसत नाहीत. कोणत्या कंपनीची बिअर घेणार ते आधी पक्कं करा, विक्रेत्याला केगचं तोंड कोणतं ते विचारा आणि मगच कपलर घ्या. रिकाम्या केगची अनामत आणि तो परत न्यायला कोण येणार, हेही तेव्हाच बोलून घ्या.

दाब किती ठेवायचा आणि लाईन किती लांब?

रेग्युलेटरचा दाब बिअरमधला वायू टिकवायला असतो. बिअर जोरात यावी म्हणून तो वाढवायचा नसतो. ३ अंशांवरच्या नेहमीच्या लागर किंवा एल प्रकारच्या बिअरला साधारण १२ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब लागतो. गव्हाच्या बिअरमध्ये वायू जास्त असतो, तिला थोडा वर. हा आकडा एकदा ठरला की त्याला हात लावायचा नाही. वेग जुळवायचा तो लाईनीच्या लांबीने.

असं का, ते समजून घ्या. केगमधून १२ पीएसआयने निघालेली बिअर टॅपपाशी पोचेपर्यंत तो जोर जवळजवळ संपलेला असला पाहिजे, तर ती शांतपणे ग्लासात उतरते. जोर दोन ठिकाणी संपतो: नळीच्या आतल्या घर्षणात आणि उंची चढण्यात. उंचीचा हिशोब सोपा आहे, दर मीटरला सुमारे १.४ पीएसआय. केगच्या मध्यापासून टॅप ६० सेंटिमीटर वर असेल तर ०.८ ते ०.९ तिथे गेले. उरलेले ११ नळीने खायचे.

४.८ मिमी आतल्या व्यासाची व्हिनाइल नळी कागदावर मीटरला सुमारे १० पीएसआय खाते. त्या हिशोबाने मीटरभर नळी पुरायला हवी, पण प्रत्यक्षात घर्षण त्याहून कमी भरतं आणि बिअर उसळते. म्हणून अडीच मीटरपासून सुरुवात करा. फार हळू येत असेल तर वीत-वीत कापत जा. ५०० मिलीचा ग्लास भरायला आठ-नऊ सेकंद लागले की लांबी जुळली. जास्तीची नळी फ्रीझरच्या आतच केगवर वेटोळं करून ठेवायची, बाहेर लोंबू द्यायची नाही.

६.३ मिमीची जाड नळी घेऊ नका. तिचं घर्षण इतकं कमी आहे की घरगुती अंतराला ती कितीतरी मीटर गुंडाळावी लागेल. अलीकडे आतून अडथळ्याचा थर असलेल्या ४ मिमीच्या नळ्या मिळतात. त्या वास आणि प्राणवायू आत येऊ देत नाहीत आणि दोन मीटरच्या आसपास पुरतात. थोडे पैसे जास्त पडले तरी माझी पसंती त्यांनाच आहे.

पहिले दोन ग्लास नुसता फेस येतो, नंतर ठीक. का?

टॅप आणि शँक गरम आहेत. पहिला ग्लास त्यांना थंड करण्यात जातो. थंड हवा शँकपर्यंत पोचते का, ते हात लावून पाहा.

सगळेच ग्लास फेसाळत असतील तर आधी थर्मामीटर घ्या. ग्लासात ओतलेल्या बिअरचं तापमान ५-६ च्या वर असेल तर दाबाशी खेळू नका, थंडीकडे बघा. बहुतेक जण इथेच उलटं करतात: फेस येतो म्हणून दाब कमी करतात. मग नळीतच बिअरमधला वायू सुटायला लागतो, फेस वाढतो आणि दोन दिवसांनी बिअर मिळमिळीतही होते.

नवा केग आणल्या दिवशीच उघडला तरी हेच होतं. दुपारच्या उन्हात टेम्पोतून आलेला केग आतपर्यंत गार व्हायला दीड-दोन दिवस घेतो, बाहेरून हाताला गार लागला तरी. शनिवारी पाहुणे असतील तर केग गुरुवारी सकाळी घरात हवा.

ओतण्याची पद्धतही पाहा. ग्लास स्वच्छ, थंड पाण्याने विसळलेला, ४५ अंशांत तिरका, आणि टॅप एकदम पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेला टॅप हे फेसाचं हमखास कारण आहे. वर दोन-अडीच सेंटिमीटर फेस राहायलाच हवा.

सीओटू सिलिंडर घरात ठेवणं धोक्याचं आहे का?

नीट ठेवला तर नाही. पण हा भाग गांभीर्याने घ्या, कारण या वायूला वास नाही आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो.

२ किलो सीओटू पूर्ण सुटला तर सुमारे ११०० लिटर वायू होतो. दोन मीटर बाय दोन मीटरची, तीन मीटर उंच बंद कोठीची खोली घ्या: १२ हजार लिटर हवा. त्यात तो ९ टक्क्यांपर्यंत जातो. ४ टक्क्यांनाच जिवाला तातडीचा धोका मानतात. म्हणून लहान, बंद खोलीत सिलिंडर ठेवू नका. खोलीत जमिनीलगत जाळी असलेला झरोका करा आणि गुडघ्याच्या उंचीवर सीओटूचा अलार्म लावा. आडव्या फ्रीझरमध्येच सिलिंडर ठेवला आणि गळती झाली, तर झाकण उघडून आत डोकं घालणाऱ्याला भोवळ येऊ शकते. सिलिंडर बाहेर ठेवायचं हेही एक कारण. दुसरं कारण गंज.

उन्हाचं विसरू नका. सीओटू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही आणि त्याच्या पुढे सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवून बाजारहाट करत फिरू नये. सरळ घरी आणावा, उभा ठेवावा, भिंतीला साखळीने बांधावा. आडवा ठेवला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

देशात गॅस सिलिंडरना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि ते नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था राबवते. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नका. वेल्डिंगसाठी भरलेला वायू स्वस्त पडतो, पण इथे खाद्यपदार्थांसाठीचाच भरून मागा.

एक सिलिंडर किती पुरतो?

३० लिटरचा केग रिकामा करायला १०० ते ११० ग्रॅम वायू लागतो. म्हणजे २ किलोच्या सिलिंडरवर वर्ष सहज निघावं. महिन्याभरात संपला तर तो बिअरने नाही, गळतीने संपला. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. आत द्रव उरला असेपर्यंत रेग्युलेटरवरचा सिलिंडरच्या दाबाचा काटा जवळपास तिथेच राहतो, त्यामुळे किती शिल्लक आहे हे कळायला सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा.

पावसाळ्यात भिंतीला ओल येईल का?

इन्सुलेशन कमी पडलं तर नक्की येईल. जुलैमध्ये २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो. त्याहून गार असलेली प्रत्येक गोष्ट घाम सोडणार, आणि आपली लाईन तर ३ अंशांवर आहे. चिऱ्याची भिंत ते पाणी शोषते, मग रंग फुगतो, बुरशी येते.

पांढरा थर्माकोल किंवा चिंध्या इथे चालत नाहीत, कारण त्यांच्यात वाफ शिरते. एसीच्या पाइपावर असतो तसा बंद छिद्रांचा काळा नायट्राइल फोम घ्या, १९ मिमीहून कमी जाडीचा नको, जमलं तर २५. सांधे त्याच्याच चिकटपट्टीने पक्के करा. घाम सुटतो तो नेहमी उघड्या राहिलेल्या बोटभर सांध्यातून. भिंतीतल्या पाइपाची दोन्ही तोंडं फोमने बंद करा. टॅपवर थोडं दव दिसेल, ते ड्रिप ट्रेत पडतं, काळजी नसावी. फ्रीझरच्या आत ओल साचते ती आठवड्याला पुसा आणि आत ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डबा ठेवा.

टॅप बाहेर पडवीत किंवा बाल्कनीत लावला तर?

मोह होतो हे खरं. संध्याकाळी पडवीत बसून पाऊस बघत ग्लास भरणं कोणाला नको आहे? पण पश्चिमेकडची भिंत दुपारभर तापते, आणि समुद्राजवळ खाऱ्या हवेने क्रोम चढवलेलं पितळ वर्षा-दोन वर्षांत सोलतं. बाहेरच लावायचा असेल तर उत्तर किंवा पूर्वेची सावलीतली भिंत, सगळे भाग स्टेनलेस स्टीलचे, किनाऱ्याला लागून घर असेल तर ३१६ प्रतीचे, आणि वापर नसताना टॅपच्या तोंडाला टोपी. टोपी नसेल तर चिलटं आणि मुंग्या एका रात्रीत आत पोचतात. घराच्या आतसुद्धा ३०४ स्टीलच घ्या, पितळ नको.

वीज गेली तर?

झाकण उघडू नका. भरलेला केग बराच वेळ थंडी धरतो, दोन-तीन तासांत काही बिघडत नाही. पावसाळ्यात झाड पडून दिवसभर वीज नसेल तर मात्र टॅप बंद ठेवा आणि पुन्हा गार होऊ द्या. इन्व्हर्टरवर फ्रीझर जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारा, कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट वीज ओढतो. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर आणि ओल असलेल्या जागेसाठी ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), या दोन गोष्टींत काटकसर नको.

साफसफाई किती दिवसांनी?

दर दोन आठवड्यांनी, आणि प्रत्येक केग बदलताना. हे जमणार नसेल तर टॅप लावू नका, बाटल्या आणा. मला हे कठोरपणेच सांगायचं आहे, कारण चांगली बिअर घाणेरड्या लाईनीतून पाजणं हा ती बनवणाऱ्याचाही अपमान आहे. लाईनीत जिवाणू आणि यीस्ट थर धरतात. आधी लोण्यासारखा वास येतो, मग आंबटपणा.

बिअरच्या लाईनीसाठी मिळणाऱ्या अल्कलीचं सुमारे २ टक्क्यांचं द्रावण कोमट पाण्यात करायचं. आधी पाणी, मग त्यात रसायन, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा. छोट्या पंपाने ते लाईनीतून १५ मिनिटं फिरवा, पंप नसेल तर भरून २० मिनिटं ठेवा. मग साध्या पाण्याने धुवा, आणि टॅपमधून येणाऱ्या पाण्याचा पीएच तुमच्या नळाच्या पाण्याएवढा येईपर्यंत धूत राहा. पट्टी वापरा, अंदाजावर जाऊ नका. टॅप आणि कपलर उघडून ब्रशने घासा. अडीच मीटर लाईनीत जेमतेम ४५ मिली मावतं, त्यामुळे पाणी किंवा रसायन फार लागत नाही, लागतो तो अर्धा तास.

तीन महिन्यांनी एकदा खनिजांचा थर काढायला ॲसिडचं द्रावण. अल्कली पूर्ण धुतल्याशिवाय ॲसिड घालायचं नाही आणि ब्लीच तर ॲसिडच्या आसपासही नको. भांडी घासायचा साबण लाईनीत चालत नाही, त्याचा अंश राहिला की फेस टिकत नाही. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा.

आमच्याकडे श्रावणापासून चवथीपर्यंत घरात दारू चालत नाही. केगचं काय करायचं?

केग आषाढाच्या शेवटापर्यंत संपेल असा आणा. नवा आणायला गटारी अमावस्येची घाई करू नका, तीस लिटर एका रात्रीत संपत नाहीत आणि संपवूही नयेत. केग निघाला की लाईन रसायनाने धुवा, पाण्याने धुवा, मग सीओटूने वाळवून घ्या. टॅप सुटा करून घासून कोरडा डब्यात ठेवा, शँकला बूच लावा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. फ्रीझर बंद करून झाकण बोटभर उघडं ठेवायचं, मध्ये लाकडाचा तुकडा घाला. बंद झाकणाच्या रिकाम्या फ्रीझरमध्ये पंधरा दिवसांत बुरशी येते. चवथीला पाहुण्यांची वर्दळ असते, तेव्हा हाच फ्रीझर नारळ, भाज्या आणि दुधाला वापरता येतो.

दुसऱ्या टॅपवर बिअरऐवजी कोकम सोडा चालेल का?

जरूर चालवा. घरातली मुलं आणि न पिणारी माणसंही मग त्या भिंतीपाशी येतात. त्यासाठी छोटा १९ लिटरचा सोड्याचा केग घ्या, ज्याचं झाकण उघडून हाताने घासता येतं. सोड्याला बिअरपेक्षा बराच जास्त वायू लागतो, ३ अंशांवर २५ ते ३० पीएसआय. म्हणजे रेग्युलेटर दोन वेगवेगळे दाब देणारा हवा आणि या टॅपची लाईन बिअरच्या दुपटीहून लांब. आगळ गाळून घाला, गाळ टॅपमध्ये अडकतो. कोकम आंबट असल्याने पितळेचा कुठलाही भाग त्याला लागता कामा नये. ती लाईन कोकमाचीच राहू द्या, कोकमाचा रंग आणि वास नळीतून जात नाही. सोलकढी मात्र टॅपवर नको: नारळाचं दूध फाटतं, चिकटतं आणि लाईन खराब करतं.

काळी, मऊ फेसाची स्टाउट घरी ओतता येईल?

तिला नायट्रोजन आणि सीओटूचं मिश्रण, ३० पीएसआयच्या वर दाब आणि वेगळा टॅप लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांना टॅपवरून देता येईल का?

परवान्याशिवाय नाही. खोलीच्या भाड्यात धरून "फुकट" दिली तरी ती विक्री समजली जाण्याचा धोका आहे. अबकारी खात्याकडे रीतसर अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत टॅप घरच्यांपुरता ठेवा.

लग्नाला भाड्याने आणतात ते मशीन घेतलं तर भिंत फोडायची गरजच नाही ना?

वर्षातून दोन-तीनदाच लागत असेल तर तेच घ्या. नाताळ, लग्न, बारसं यांना ते पुरतं. एक लक्षात ठेवा: हातपंपाचं मशीन केगमध्ये हवा भरतं, त्यामुळे तो केग दुसऱ्या दिवशी शिळा होतो. सीओटूवर चालणारं मशीन मागा.

पैसे कमी आहेत. कुठे वाचवू आणि कुठे नको?

टॅपच्या मुठीवर, ड्रिप ट्रेच्या नक्षीवर आणि तिसऱ्या टॅपवर वाचवा. फ्रीझर जुना घेतला तरी चालतो, फक्त त्याचं रबर घट्ट आहे का ते कागदाची पट्टी झाकणात धरून ओढून पाहा. रेग्युलेटर, लाईनी, इन्सुलेशन आणि अलार्म नवे आणि चांगले घ्या. कोअर कटिंगचं भोक थोडं मोठंच पाडून घ्या, पुढे लाईन वाढवायची झाली तर पुन्हा भिंत कापावी लागत नाही.

लहान मुलं टॅप ओढतात. काय करावं?

टॅपला कुलूप मिळतं, ते मुठीच्या जागी बसतं. ते नसेल तर मूठ फिरवून काढा आणि वरच्या फडताळात ठेवा. रात्री झोपताना सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करा, म्हणजे कुठे बारीक गळती असली तरी सिलिंडर सकाळपर्यंत रिकामा होणार नाही.